कोकणातील महामार्गाचे काम आणि लाल पाणी: आवरायचे कसे, मोजायचे कसे

आपला प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात महामार्गाच्या चौपदरीकरणावर आपण देखरेख सल्लागाराच्या बाजूने अभियंता म्हणून काम पाहता. गेल्या पावसाळ्यात कटिंगमधले (डोंगर कापलेल्या जागेतले) आणि भरावावरचे लाल पाणी खालच्या वाडीच्या व्हाळात (ओढ्यात) आणि तिथून भातखाचरांत गेले, तेव्हा ग्रामपंचायतीने लेखी तक्रार केली. कंत्राटदाराने लावलेली हिरव्या कापडाची सिल्ट फेन्स (गाळ अडवणारे कुंपण) पहिल्याच आठवड्यात वाहून गेली. ‘कोकणात पावसाळ्यात सगळेच व्हाळ लाल असतात’ हे त्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही, पण खोडताही येत नाही. आता मे अर्धा सरला आहे. आगोटीला, म्हणजे पावसाळा लागायला, उरलेल्या तीन आठवड्यांत काय करून घ्यावे आणि पाऊस सुरू झाल्यावर नेमके काय मोजावे, असे आपण विचारले आहे.

कंत्राटदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते खोडायला जड जाते. मृगाच्या पहिल्या पावसात पायवाटा, राब भाजलेल्या जागा, उघडी अंगणे असे सगळेच धुऊन निघते आणि दोन-चार दिवस प्रत्येक व्हाळ लाल असतो. पुढे लावणीच्या चिखलणीचे पाणीही उतरते. मात्र झाडी असलेल्या डोंगरातून येणारा व्हाळ आषाढात पाऊस ओसरल्यावर काही तासांतच निवळतो आणि तळाचे दगड दिसू लागतात. उघड्या कटिंगखालचा व्हाळ दोन-दोन दिवस दुधाळ गुलाबी राहतो. त्यामुळे ‘पाणी लाल आहे का’ असे न विचारता ‘पाऊस थांबल्यावर तळ किती वेळाने दिसला’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर नैसर्गिक गढूळपणा आणि आपल्या कामाचा गढूळपणा वेगळे करून दाखवते.

हा दुधाळपणा येतो कुठून, हे कळले की कोणते उपाय चालतील आणि कोणते नुसते दाखवण्यापुरते आहेत हेही कळते. आपल्याकडे कटिंगच्या वरच्या भागात कडक जांभा असतो. तो पाण्याला दाद देत नाही आणि त्याच्याकडे पाहून सगळ्यांचाच गैरसमज होतो. त्याच्या खाली पांढरट, पिवळी, गुलाबी छटांची मऊ चिकणमाती लागते. बोटाने दाबली तर साबणासारखी गुळगुळीत लागते, कोरडी असताना उभी राहते आणि ओली झाली की अक्षरशः वितळते. या मातीचे बारीक कण ०.००२ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतात. स्टोक्सच्या नियमानुसार कण बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो, ०.०२ मिलिमीटरचा गाळकण पाऊण तास घेतो आणि ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तीन दिवसांहून अधिक. कोकणातल्या पावसात तीन दिवस पाणी स्थिर ठेवील असा खड्डा रस्त्याच्या हद्दीत कोणी खोदू शकत नाही. म्हणजे चिकणमाती एकदा पाण्यात मिसळली की ती आपल्या हातून गेली. ती मिसळूच नये यासाठी जे करता येईल तेच खरे नियंत्रण आहे. गाळखड्डे आणि फेन्स ही शेवटची चाळण आहे आणि तीही भरड मालापुरती.

त्यामुळे उरलेल्या तीन आठवड्यांतले पहिले काम म्हणजे नवी जमीन उघडणे थांबवणे. हे सांगायला सोपे आणि घडवून आणायला सर्वांत कठीण, कारण मे महिन्यात कंत्राटदाराची सगळी पोकलेन आणि हायवा डंपर मातीकामाचे बिल वाढवण्यामागे लागलेली असतात. साखळीनिहाय (रस्त्याच्या किलोमीटर-मीटरच्या खुणांनुसार) एक तक्ता करा: कोणत्या लांबीत कटिंग किंवा भराव आगोटीपूर्वी अंतिम पातळीला येऊन झाकला जाईल आणि कोणत्या लांबीत नाही. जी लांबी पुरी होणार नाही तिला हातच लावू नये. एक साधे गणित बैठकीत मांडून पाहा: एक हेक्टर उघड्या उतारावरून एक सेंटिमीटर थर गेला तर १०० घनमीटर माती जाते, म्हणजे चौदा घनमीटरच्या सात हायवा, ज्या कोणीतरी पुढच्या व्हाळात ओतल्यासारख्या आहेत. आणि एका पावसाळ्यात एकच सेंटिमीटर जाईल ही अपेक्षा फार उदार आहे.

दुसरे काम स्वच्छ पाणी वेगळे काढण्याचे. कटिंगच्या माथ्यावरचा डोंगर बहुधा उघड्या भागाच्या कितीतरी पट मोठा असतो आणि त्याचे पाणी मुळात निवळ असते. ते कटिंगच्या तोंडावरून खाली आले की आपले होऊन जाते. यासाठी नकाशात कॅच वॉटर ड्रेन (कटिंगच्या माथ्यावर पाणी अडवून वळवणारी चर) असतेच, पण बांधायला घेतात ती सगळ्यात शेवटी, बहुतेक वेळा कटिंग ढासळल्यावर. ती कटिंगच्या आधी हवी. मी ज्या कामांवर हा क्रम पाळायला लावला तिथे खालचा त्रास निम्म्याहून कमी झाला असे माझे मत आहे, जरी त्याची आकडेवारी ठेवण्याइतका मी तेव्हा शहाणा नव्हतो. चर नुसती मातीत खोदून ठेवू नका. या मातीत अस्तराविना चर म्हणजे डोंगराच्या पोटात पाणी मुरवण्याची सोय, आणि मग गढूळ पाण्याऐवजी दरड येते. सिमेंट अस्तर वेळेत होणार नसेल तर जाड प्लॅस्टिक कापड कडेला पुरून तेवढा पावसाळा काढता येतो. चरीचे पाणी जिथे खाली सोडाल तिथे पायऱ्यांची पन्हळ आणि पायथ्याला दगडी पिचिंग हवे. उतारावरून मोकळे सोडलेले पाणी स्वतःची घळ स्वतः खोदते.

भरावाच्या बाबतीत युक्ती वेगळी आहे. भरावाचा माथा सपाट आणि भुसभुशीत राहिला तर पाणी मिळेल त्या कडेवरून उतरते आणि उतारावर चरे पाडते. रोज काम संपताना माथ्याला उतार देऊन रोलरचा एक हात फिरवावा, दोन्ही कडांना गुडघाभर उंचीचा मातीचा बांध घालावा आणि ठरावीक अंतरावर पाईपने किंवा प्लॅस्टिक घातलेल्या पन्हळीने पाणी खाली न्यावे. शनिवारी संध्याकाळी डंपरने ओतून ठेवलेला आणि सोमवारी पसरायचा म्हणून सोडलेला मुरमाचा ढीग रविवारच्या एका सरीत किती जातो, हे पाहायचे असेल तर त्याच्या पायथ्याशी उभे राहा. बाकी स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

आता झाकण्याबद्दल. काथ्याचे भूवस्त्र (नारळाच्या काथ्याची जाळी) उतारावर उत्तम काम करते आणि दोन-तीन पावसाळ्यांत कुजून जाते, तोवर गवताने जागा घेतलेली असते. ते प्रति चौरस मीटर ४०० ते ९०० ग्रॅम अशा वजनांत मिळते. आपल्या पावसासाठी त्यातले हलके वजन घेऊ नये. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ते मच्छरदाणीसारखे ताणून लावणे. जाळीचा धागा मातीला सगळीकडे टेकलेला असला पाहिजे, नाहीतर पाणी जाळीखालून धावते आणि वरून सगळे ठीक दिसते. माथ्याला चर खोदून जाळीचे टोक पुरावे, आणि सळईच्या यू-आकाराच्या खिळ्यांनी ती घट्ट बसवावी. जिथे जाळी परवडत नाही तिथे भाताचा पेंढा हेक्टरी चार-पाच टन पसरून वर दोरीचे जाळे घातले तरी थेंबांचा मार बसत नाही. गवताचे बी मात्र आपल्याकडे फसवते: मेमध्ये पाण्याविना उगवत नाही आणि जूनमध्ये टाकले की पहिल्या जोरदार सरीत व्हाळात जाते. त्यापेक्षा पहिले पाऊस पडताच वाळ्याचे ठोंब समपातळीवर ओळीने लावणे बरे. उभ्या कटिंगवर यातले काहीच चालत नाही. तिथे चिकणमातीचा पायथा गॅबियनने (दगड भरलेल्या तारेच्या जाळीने) अडवणे आणि वरचे पाणी वळवणे एवढेच हाती असते.

उरलेल्या मातीचे ढीग हा वेगळा विषय आहे आणि जरा नाजूकही. नकाशात दाखवलेल्या जागी माती जाते ती कागदावर. प्रत्यक्षात पाच-दहा किलोमीटरचा डिझेलखर्च वाचवण्यासाठी ती जवळच्या खाजगी जमिनीत जाते. मालकाची लेखी संमती असते, कारण खोलगट जमीन भरून रस्त्यालगत दुकानाचा गाळा काढता येईल असा त्याचा हिशोब असतो. मी तपासलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच ठिकाणी गाळ रस्त्याच्या हद्दीतला नव्हताच. वाडीतल्याच कोणीतरी मागून घेतलेल्या मातीचा होता. संमती असो वा नसो, व्हाळाच्या काठावरचा ढीग आत्ताच मागे ओढून घ्या, पायथ्याला रचीव दगडाचा बांध घाला आणि उतार चेपून झाका. जूनमध्ये त्या जागी पोकलेन पोहोचणार नाही.

गाळखड्ड्यांचे माप अंदाजाने न ठरवता गणिताने ठरवा. एक हेक्टर उघड्या क्षेत्रावर तासाला ६० मिलिमीटर पाऊस आणि ०.७ अपवाह गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून येणारा हिस्सा) धरला तर सेकंदाला सुमारे ०.११७ घनमीटर पाणी येते. ०.०२ मिलिमीटरपर्यंतचा गाळ पकडायचा असेल तर त्याच्या बुडण्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ०.३६ मिलिमीटरने, या प्रवाहाला भागावे. ३२५ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. थोडी सूट धरून १२ बाय ३३ मीटरचा खड्डा झाला. लक्षात घ्या की इथे खोली नव्हे तर पृष्ठभाग निर्णायक आहे. खोली फक्त गाळ साठवण्यापुरती. पाणी अरुंद बाजूने आत येऊन समोरच्या अरुंद बाजूने बाहेर पडावे. निचऱ्याचा पाईप तळाशी असेल तर तो खड्डा गाळ पकडत नाही, पुढे पाठवतो. पाणी वरच्या थरातून दगडी सांडव्यावरून जायला हवे. अमेरिकेतल्या पुस्तकांत एकरी ३,६०० घनफुटांचा ठोकताळा आढळतो आणि आपल्याकडच्या पर्यावरण आराखड्यांत तो कोणीतरी उतरवून ठेवतो. त्याचा अर्थ हेक्टरी सुमारे २५० घनमीटर, म्हणजे सगळे पाणी वाहून आले असे धरले तर २५ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे एवढा पाऊस अर्ध्या तासातही होतो, त्यामुळे हा ठोकताळा इथे आणू नये. जागा अपुरी असेल तर एकाऐवजी चार लहान खड्डे वेगवेगळ्या पाणलोटांत करा. तिथे पोकलेनचा हात पोहोचेल अशी वाट ठेवा, एक तृतीयांश भरला की उपसा, आणि भोवती कुंपण घाला. वाडीतली मुले आणि गुरे दोन्ही तिकडे जातात. तुरटी टाकून पाणी निवळवण्याचा मोह होईल, पण वाहत्या व्हाळात ती कधीही टाकू नका. पाणी आंबट होते, आणि हेच दिवस चढणीच्या, म्हणजे प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालणाऱ्या, माशांचे असतात.

सिल्ट फेन्स का वाहून गेली हे आपण न सांगताही मला ओळखता येते, कारण तीच चूक मी स्वतः एका कामावर केली होती. व्हाळ लाल दिसतो म्हणून मी फेन्स व्हाळालाच आडवी लावून घेतली. तिसऱ्या रात्री ती सुटली, कापड आणि खांब खालच्या मोरीच्या तोंडात जाऊन अडकले, आणि मोरी तुंबून पाणी रस्त्यावरून नुकत्याच लावणी झालेल्या खाचरात गेले. सकाळी त्या शेतकऱ्यासमोर उभे राहण्यात जे शिकलो ते कोणत्याही नियमावलीत नव्हते. फेन्स पसरून येणाऱ्या पाण्यासाठी असते, वाहत्या प्रवाहासाठी नाही. ती समपातळीवर लावावी, टोके चढाकडे वळवावीत, कापडाचा खालचा भाग १५ सेंटिमीटर खोल चरात पुरून माती चेपावी आणि ३० मीटर फेन्समागे एक दशांश हेक्टरहून जास्त क्षेत्र ठेवू नये. गटारात फेन्सऐवजी दगडी आडबांध घालावेत: मध्यभाग कडांपेक्षा खाली, आणि वरच्या बांधाचा पायथा खालच्या बांधाच्या माथ्याच्या पातळीत. पाच टक्के उताराच्या गटारात ६० सेंटिमीटर उंचीचे बांध दर बारा मीटरवर येतात.

मोजमापाचा प्रश्न आपण ‘किती एनटीयू (गढूळपणाचे एकक) चालेल’ असा विचारला आहे. एकटा आकडा काहीच सांगत नाही. कामाच्या वर आणि कामाच्या खाली, एकाच सरीत, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत घेतलेले दोन आकडे सांगतात. आपल्या मागच्या वर्षीच्या नोंदी मी पाहिल्या: सगळ्या सकाळी अकराच्या, कोरड्या दिवसांच्या, महिन्यातून एकदा प्रयोगशाळेच्या गाडीने येऊन घेतलेल्या. गढूळ पाणी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वाहत नाही. तासाला १५ ते २० मिलिमीटरची सर आली की नमुना, मग पाऊस थांबल्यावर सहा तासांनी आणि चोवीस तासांनी पुन्हा, असा नियम करा. पर्जन्यमापक कामावरच हवा, कारण तालुक्याचा आकडा डोंगराच्या या बाजूला लागू पडत नाही. विकत मिळेपर्यंत उभ्या काठांचा डबा आणि मोजपट्टीही चालते.

नमुना घेण्याची पद्धत हास्यास्पद वाटावी इतकी साधी आहे आणि तरी तीच चुकते. काठावरून, प्रवाहाकडे तोंड करून, तळ न ढवळता, पाण्याच्या मध्य-खोलीतून बाटली भरावी. त्याआधी ती त्याच पाण्याने तीनदा विसळावी. मापकात ओतण्यापूर्वी हलवावी, कारण दहा मिनिटे गाडीत ठेवलेल्या बाटलीच्या वरच्या पाण्याचा आकडा नेहमी छान येतो. टर्बिडिटी मापक फॉर्माझिनच्या प्रमाणित द्रावणाने ताडून घ्यावा आणि आकडा त्याच्या मर्यादेपलीकडे गेला तर पाणी पातळ करून मोजून गुणावे. शिवाय एक लिटरचा इम्हॉफ शंकू (तळाशी निमुळते, मोजखुणांचे भांडे) ठेवा: एक तासाने तळाशी किती मिलिलिटर गाळ बसला ते पाहिले की गाळखड्डा काम करतो की नाही हे लगेच कळते. खड्ड्यात येणाऱ्या पाण्याचा आणि जाणाऱ्या पाण्याचा शंकू सारखाच भरत असेल तर खड्डा नावापुरता आहे.

एनटीयू (गढूळपणा) आणि लिटरमागे मिलिग्रॅम (गाळाचे वजन) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे नाते प्रत्येक मातीत वेगळे असते. पंधरा-वीस नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून आपल्या कामाचा आलेख एकदा बनवून घ्या. मग पुढे मापकावरून अंदाज बांधता येतो. हे करणे आवश्यक आहे, कारण पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या परिशिष्टात भूपृष्ठावरील जलस्रोतांत सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठी निलंबित घनपदार्थांची मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम आहे, एनटीयूत नाही. आषाढातल्या सरीत ती पाळणे कोणत्याही मातीकामाला अवघड आहे, हे मी स्पष्टच सांगतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००९ मध्ये बांधकामांसाठी २८० एनटीयूची देशव्यापी मर्यादा घातली होती, ती आधी स्थगित झाली आणि नंतर मागे घेतली गेली. वॉशिंग्टन राज्यात मात्र दोन पायऱ्यांची पद्धत चालते: २५ एनटीयूच्या वर गेले की उपाय तपासायचे, २५० च्या वर गेले की चोवीस तासांत कळवायचे. तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, म्हणून आकडे घेऊ नका; दोन पायऱ्यांची कल्पना घ्या. मी स्वतः असे ठरवतो: खालचा आकडा वरच्याच्या दुप्पट झाला की त्याच दिवशी उघड्या भागाची पायी पाहणी, पाचपट झाला की त्या लांबीतले मातीकाम बंद. वर शेती असेल तर चिखलणीच्या काळात वरचा आकडाही चढलेला असतो, आणि या पद्धतीत त्याचा दोष आपोआप कंत्राटदारावर येत नाही.

प्रवाहही मोजावा, निदान मोरीच्या भिंतीवर रंगाने पट्टी काढून. सेकंदाला ०.२ घनमीटर पाण्यात लिटरमागे २,००० मिलिग्रॅम गाळ असेल तर तासाला सुमारे दीड टन माती जाते. बैठकीत ‘दोन हजार मिलिग्रॅम’ म्हटले तर कोणी मान वर करत नाही. ‘तासाला दीड टन’ म्हटले की करतात. खाचरांत रंगाची खूण केलेल्या सळया आत्ताच ठोकून ठेवा, म्हणजे किती गाळ बसला यावर नुकसानभरपाईच्या वेळी वाद होत नाही.

शेवटी पैशाचा मुद्दा, ज्यावर खरे तर सगळे अडते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१३ च्या विनिर्देशांत कलम ३०६ धूप आणि गाळ नियंत्रणाचेच आहे. काम सुरू करण्यापूर्वी त्याचा कार्यक्रम सादर करणे आणि उघडे क्षेत्र मर्यादित ठेवणे ही कंत्राटदाराची जबाबदारी त्यात आहे. पण तात्पुरत्या उपायांचे वेगळे पैसे मिळत नाहीत, ते मातीकामाच्या दरातच धरलेले असतात. म्हणून निविदेत दर पाडताना सर्वांत आधी तेच पडतात. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. कलम ३०६ चा मंजूर कार्यक्रम नसलेल्या लांबीचे मातीकाम बिलासाठीच्या मोजमाप पुस्तकात घेण्याआधी लेखी खुलासा मागा. त्याने फेन्सबद्दल लिहिलेल्या दहा पत्रांपेक्षा जास्त काम होते. आणि कॅच वॉटर ड्रेन, पन्हळी, गॅबियन या कायमच्या बाबी असल्याने त्यांचे पैसे मिळतात, तेव्हा त्या क्रमाने पुढे आणायला कंत्राटदार तयार होतो, फक्त कार्यक्रम बदलून द्यावा लागतो. हा बदल याच आठवड्यात मंजूर करून घ्या.

ग्रामपंचायतीला एक पारदर्शकता नळी द्या. तळाशी काळीपांढरी खूण असलेली ही नळी पाण्याने भरायची आणि खूण दिसेपर्यंत पाणी सोडत जायचे. ३३ सेंटिमीटरला खूण दिसली तर साधारण २५ एनटीयू, ६ सेंटिमीटरला दिसली तर साधारण २५०. वाडीच्या नळपाणी योजनेचा माणूस रोज सकाळी व्हाळाकडे जातोच, त्याला पाच मिनिटांत शिकवता येते. त्याची वही आणि आपली वही दर पंधरा दिवसांनी शेजारी ठेवून तारखा ताडून पाहा, आणि जिथे दोन्हींत फरक पडेल त्या ठिकाणी पुढच्या सरीत दोघांनी मिळून जा.